रिपोर्ट कुणाचा?

"मॅडम, मानपाड्याला पोचलोय, पण तुमची बिल्डिंग सापडत नाहीये."

"समोर काय दिसतंय?"

"फ्लायओव्हर. मेट्रोचं काम."

तो ठाण्याच्या मानपाड्यात उभा होता, घोडबंदर रोडवर. आम्ही राहतो डोंबिवलीच्या मानपाड्यात, कल्याण-शीळ रस्त्याजवळ. नाव एकच, मधे मुंब्र्याचा बायपास, शीळफाटा आणि नशिबात असेल तितकं ट्रॅफिक. इथल्या प्रत्येकाला पत्ता सांगताना आधी 'डोंबिवलीचा' म्हणायची सवय असते. २०२३ च्या जुलैतल्या त्या दिवशी मी ते विसरले होते, कारण डोकं ठिकाणावर नव्हतं. लॅबचा तो मुलगा बाबांचा ब्लॉक न्यायला येत होता.

ब्लॉक म्हणजे मेणाची वडी. एंडोस्कोपीत पोटाच्या अस्तराचा तुकडा काढतात, तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात आणि मग मेणात बसवतात. पहिल्या लॅबनं ती वडी आमच्या हातात दिली होती, पुढची तपासणी दुसरीकडे करायची म्हणून. मुलगा मुंब्र्याहून वळसा घालून येईपर्यंत ती दोन तास आमच्या टीपॉयवर होती. बाबांनी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"हा मी?"

"तुमच्या पोटाचा तुकडा. तांदळाच्या कणीएवढा असेल. बाकी मेण."

"म्हणजे मेणच जास्त," असं म्हणून त्यांनी ती परत पाकिटात घातली आणि पाकिटावर नाव बरोबर लिहिलंय का ते पाहिलं. पस्तीस वर्षं एमआयडीसीतल्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलेला माणूस. माल बाहेर जाताना नाव तपासायचं आणि ज्याचा माल त्याची सही घ्यायची, ही सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती.

आमच्या घरात सगळे रिपोर्ट माझ्याकडे येतात. मी मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केलंय आणि एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते, एवढ्यावर घरच्यांच्या लेखी मी अर्धी डॉक्टर. आईची शुगर, दादाचं कोलेस्टेरॉल, शेजारच्या काकूंचा थायरॉइड, सगळ्यांच्या पीडीएफ माझ्या फोनमध्ये. लॅबच्या फॉर्मवर बाबांच्या नावापुढे मोबाइल नंबरही माझाच होता. तो तिथे नसता, तर पुढचं बरंच काही वेगळं झालं असतं.

बाबांच्या वडीतून काय शोधायचं होतं, ते आधी सांगते. पोटाच्या कॅन्सरचं निदान झालं होतं, सीटी स्कॅनमध्ये यकृतावरही डाग दिसले होते, म्हणजे ऑपरेशनचा प्रश्न मिटला होता. आता प्रश्न होता हर-टू नावाच्या प्रथिनाचा. हे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतं आणि 'वाढ' हा निरोप आत पोचवतं. काही गाठींमध्ये ते प्रमाणाबाहेर असतं. वडीचा अतिशय पातळ काप काचेवर घेतात, त्यावर फक्त याच प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी सोडतात, आणि ती जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग चढेल अशी व्यवस्था करतात. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून बघून ठरवतो: शून्य, १+, २+ की ३+. तीन आलं तर ट्रॅस्टुझुमॅब नावाचं औषध केमोबरोबर देता येतं. शून्य किंवा एक आलं तर नाही. दोन आलं, तर माणसाच्या डोळ्याला ठरवता येत नाही, म्हणून फिश नावाची पुढची तपासणी करतात, ज्यात त्या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती चमकत्या ठिपक्यांच्या रूपात मोजतात.

बाबांचं २+ आलं होतं. म्हणून ती वडी, तो मुलगा आणि दोन मानपाड्यांचा घोळ.

प्रथिनांवरून आजाराचं पुढचं पाऊल ओळखायची धडपड जुनी आहे. १९६५ साली माँट्रिअलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन या दोघांना आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीईए नावाचं प्रथिन सापडलं, आणि काही काळ वाटलं की कॅन्सर रक्तात पकडायची किल्लीच मिळाली. पुढे कळलं की ते इतर कॅन्सरमध्येही वाढतं आणि कॅन्सर नसलेल्या सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तातही वाढलेलं असू शकतं. पेशी किती वेगानं दुणावतायत हे दाखवणाऱ्या केआय-६७ या प्रथिनाच्या नावाची गोष्ट मला फार आवडते: 'केआय' म्हणजे जर्मनीतलं कील शहर आणि ६७ म्हणजे प्रयोगाच्या प्लेटमधल्या ज्या खळग्यात ती अँटिबॉडी सापडली, त्याचा नंबर. जगभरच्या रिपोर्टांमध्ये, लोकांच्या आयुष्याशेजारी, कील शहरातल्या एका खळग्याचा नंबर छापलेला असतो.

या खुणा दोन जातींच्या असतात, आणि माझ्या सगळ्या गोष्टीचं मूळ या फरकात आहे. एक जात सांगते, कोणत्या औषधाचा उपयोग होईल. तिला प्रेडिक्टिव्ह म्हणतात. दुसरी जात नुसतं सांगते, आजार कोणत्या दिशेनं आणि किती वेगानं जाईल. ती प्रोग्नॉस्टिक. पोटाच्या कॅन्सरचा वेग सांगू पाहणाऱ्या प्रथिनांवर शोधनिबंधांचा ढीग आहे. त्यातली लॅबच्या दरपत्रकापर्यंत पोचणारी हातावर मोजण्याइतकी, आणि ती बहुतेक पहिल्या जातीची. कारण उघड आहे. पहिल्या जातीच्या उत्तरावर डॉक्टर काहीतरी करू शकतो.

आपल्याकडचं एक जुनं उदाहरण या 'करता येण्या'चं आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये, ते १९४१ साली सुरू झालं तेव्हापासून, पॅथॉलॉजीचं काम डॉ. वसंत रामजी खानोलकर पाहत होते. १९४५ साली त्यांनी सहकाऱ्यासोबत एक निबंध लिहिला, सवयींमुळे होणाऱ्या कॅन्सरांवर. त्यात एक होता धोतराचा: कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळल्यामुळे तिथल्या त्वचेला होणारा. हे ज्ञान मिळालं की काय करायचं ते लगेच कळतं. गाठ सैल करा. मला खानोलकरांचा हेवा वाटतो. ज्ञान आणि त्याचा उपयोग एकाच वाक्यात मावत होते.

फिशचा रिपोर्ट आला तेव्हा मी ठाण्याहून घरी येत होते. दिवा स्टेशनच्या आसपास फोन थरथरला. निगेटिव्ह. म्हणजे ट्रॅस्टुझुमॅबचा उपयोग नाही, नेहमीची केमो. पण तोपर्यंत मी बाकीचंही वाचून ठेवलं होतं. ट्रॅस्टुझुमॅबची मोठी चाचणी, टोगा, २०१० साली लॅन्सेटमध्ये आली. औषध मिळालेल्यांचा मध्यक होता १३.८ महिने, नुसत्या केमोवाल्यांचा ११.१. मध्यक म्हणजे निम्मे लोक त्याच्या आधी गेले, निम्मे नंतर. ११.१ हा आकडा माझ्या डोक्यात बसला तो उठेना. डॉक्टरही, बाबा आत वजनकाट्यावर उभे असताना, मला आणि दादाला म्हणाले होते, "वर्ष निघालं तर चांगलं म्हणायचं."

दादा बिल्डिंगखाली भेटला. स्कूटरींच्या रांगेपाशी उभं राहून आम्ही पाच मिनिटांत ठरवलं. "सांगून उपयोग काय? औषध तर तेच चालणार आहे," दादा म्हणाला. मी मान डोलावली. आईलाही सांगायचं नाही, तिला लपवता यायचं नाही.

वर गेले तर बाबांनी विचारलं, "काय आलं?"

"काही विशेष नाही. नेहमीचं औषध चालेल."

यात एकही शब्द खोटा नव्हता. प्रोग्नॉस्टिक आणि प्रेडिक्टिव्ह यांतला फरक मला नीट कळला होता, आणि मी तो असा वापरला: ज्यावर काही करता येत नाही, ते सांगायचं कशाला?

त्या वर्षी अधिक श्रावण होता. त्यामुळे गणपती लांबले, १९ सप्टेंबरला आले. पंचांगानं एक महिना जास्तीचा दिला होता. आमचं मूळ घर संगमेश्वर तालुक्यात, घरचा गणपती तिथेच बसतो, काकांकडे. बाबा आणि काका अकरा वर्षं बोलत नव्हते. वाटणीतली एक खोली आणि विहिरीकडे जायची पायवाट, एवढंच कारण, पण कोकणात एवढ्यावर पिढ्या जातात. केमोच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधे बाबांना जरा बरं वाटत होतं. थंड पाणी हाताला चालत नव्हतं, बोटांना मुंग्या यायच्या, तरी जेवण जात होतं. एका रात्री त्यांनी मला विचारलं,

"यंदा गणपतीला जाऊन यावं म्हणतो. धाकट्याशी बोलायचंय. की पुढच्या वर्षी नीट बरा होऊन जाऊ? तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी जाऊ बाबा. यंदा तुमच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत, गर्दीत नको."

पेशी खरंच कमी होत्या. गर्दी खरंच नको होती. बाबांनी सरळ गणित मांडलं होतं, यंदाचा धोका एका पारड्यात आणि पुढचं वर्ष दुसऱ्या पारड्यात. दुसरं पारडं जवळपास रिकामं आहे, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. अनंत चतुर्दशीला खालून मिरवणूक गेली, सोसायटीतली मुलं 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडत होती, बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

जानेवारीत ते गेले. काका तेराव्याला आले, बराच वेळ गप्प बसले आणि निघताना आईला एवढंच म्हणाले, "कुणाकडून तरी आजाराचं कळलं होतं. गणपतीला येईल म्हणून वरची खोली झाडून ठेवली होती."

*

तेव्हापासून मी हा प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी धरून पाहतेय. सुरुवातीला मी स्वतःला वाचवणारे मुद्दे गोळा केले. तेही सांगायला हवेत, कारण ते टाकाऊ नाहीत.

पहिला मुद्दा: मी लपवलं ते सत्य होतं का? ११.१ महिने हा आकडा हर-टू पॉझिटिव्ह असलेल्या लोकांच्या गटाचा होता. बाबा निगेटिव्ह होते. म्हणजे मी बाबांसाठी जो आकडा उराशी धरला होता, तो त्यांच्या गर्दीचाही नव्हता. ठाण्याच्या मानपाड्यात उभं राहून डोंबिवलीची बिल्डिंग शोधण्यासारखं. आणि योग्य गर्दीचा असता तरी काय? जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटातल्या मेसोथेलिओमाचं निदान झालं. पुस्तकांत मध्यक होता ८ महिन्यांचा. गूल्डनी आकडेमोड केली: निम्मे लोक आठ महिन्यांनंतरही असतात, आणि त्या उरलेल्यांची शेपटी उजवीकडे लांबवर जाते. ते २००२ पर्यंत जगले. बाबा सहा महिने जगले. मध्यकाला दोघांच्याही नावाशी देणंघेणं नव्हतं.

हे बरोबर आहे, पण यातून माझी सुटका होत नाही. भाकीत कच्चं असेल तर 'कच्चं आहे' हेही बाबांचंच होतं. मी त्यांच्यापासून आकडा लपवला असं नाही. अनिश्चितता लपवली आणि तिच्या जागी एक खात्री ठेवली, 'पुढच्या वर्षी'.

इथे मला नारळीकरांचा प्रयोग आठवतो. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि बौद्धिक विकलांगता असलेल्या मुलांच्या शंभर पत्रिका. कोणती कुणाची ते सांगायचं नाही, ज्योतिषांनी ओळखायचं. उत्तरं पाठवलेल्या २७ ज्योतिषांचं सरासरी यश ४६ टक्क्यांच्या आसपास. नाणं उडवलं असतं तरी तितकं आलं असतं. मार्करचीही परीक्षा याच धर्तीवर व्हायला हवी: नमुना कुणाचा, त्याचं पुढे काय झालं, हे न कळता सांग. बहुतेक नव्या प्रथिनांचा डोलारा तिथे कोसळतो, म्हणून तर २००५ साली अशा अभ्यासांचे निकाल कसे मांडावेत याचे नियमच करावे लागले. पण एक गोष्ट मला उशिरा सुचली. ज्योतिषी, कितीही चूक असो, भविष्य सांगतो ते पत्रिका ज्याची त्याला. आमच्या आजीची पत्रिका आजीच दाखवायला न्यायची. विज्ञानानं भाकीत पुष्कळ सुधारलं, आणि आम्ही मात्र ते पत्रिकावाल्याला वगळून घरच्यांना सांगायला लागलो.

कायद्याचं म्हणाल तर तोही दोन्हीकडे बघतो. डॉक्टरांच्या वर्तनाविषयी २००२ ची जी नियमावली आहे, तिच्यात प्रोग्नॉसिस नावाचंच छोटं कलम आहे. डॉक्टरांनी गांभीर्य वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, हे त्यात आहे. पुढे असं की रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना, रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताला उपयोगी पडेल इतकी माहिती आहे ना, याची खात्री करावी. त्या 'किंवा'मध्ये आमचं सगळं घर राहायला गेलं. उलट २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात स्पष्ट केलं की सज्ञान, स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या बाईच्या ऑपरेशनला तिच्या आईची संमती चालत नाही, मुलगी टेबलावर भुलीखाली असली तरी. शरीर कापायला आईची सही चालत नाही; मग शरीराचं भाकीत दाबून ठेवायला मुलीची कशी चालते?

दुसरा मुद्दा जास्त खरा आहे. सगळ्यांनाच जाणून घ्यायचं नसतं. न जाणण्याचाही हक्क असतो आणि मी त्याचा मान राखते. 'बाबांनी कधी विचारलंच नाही,' असं मी बरेच महिने लोकांना सांगत होते. मग एका रात्री मोजलं. त्यांनी दोनदा विचारलं होतं. एकदा "काय आलं?" आणि एकदा गणपतीच्या निमित्तानं. आमच्याकडे बाप असंच विचारतो. 'माझ्याकडे किती दिवस आहेत' असं हिंदी सिनेमात विचारतात. आमच्या घरात 'यंदा जाऊ की पुढच्या वर्षी' असं विचारतात.

तरी समजा, खरंच कुणाला नको असेल तर? ते ओळखायचं कसं? इथे एक खरीखुरी अडचण आहे, आणि ती मला कुठल्या पुस्तकात न सापडता बाबांच्या खुर्चीसमोर सापडली. रिपोर्ट हातात घेऊन तुम्ही विचारू शकत नाही, "तुम्हाला वाईट बातमी ऐकायची आहे का?" तो प्रश्नच बातमी आहे. माझ्या चेहऱ्यावर आकडा असताना विचारलेला कुठलाही प्रश्न मोकळा नव्हता. तो प्रश्न विचारायची जागा आधी होती: टीपॉयवर वडी पडलेली, मुलगा शीळफाट्यावर अडकलेला, कुणालाच काही माहीत नसलेले ते दोन तास. तेव्हा आम्ही सगळे सारखे अडाणी होतो. तेव्हा मी म्हणू शकले असते, "बाबा, यातून काहीही येऊ शकतं. आलं की आधी कुणाला सांगू? सगळं सांगू की फक्त औषधापुरतं?" बाबांनी पाकिटावरचं नाव तपासलं तसं याचंही उत्तर दिलं असतं. कदाचित म्हणाले असते, दादाला सांग, मला नको. मग मी गप्प बसले असते आणि माझं गप्प बसणं त्यांनी सही करून दिलेलं असतं.

मागच्या वर्षी मी कुरोसावांचा 'इकिरू' पाहिला. १९५२ चा. वातानाबे नावाचा सरकारी अधिकारी, तीस वर्षं कागदांवर शिक्के मारलेला, आणि त्याला पोटाचा कॅन्सर. दवाखान्यात बाकावर बसलेला एक बोलघेवडा रुग्ण त्याला सांगतो, पोटाचा कॅन्सर असला की डॉक्टर तसं म्हणत नाहीत, साधा अल्सर आहे म्हणतात. आत गेल्यावर डॉक्टर नेमकं तेच म्हणतात. वातानाबेला कळतं ते चुकून, बाकावरच्या अनोळखी माणसामुळे. पुढे तो एका घाणेरड्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करून घेतो. मला सिनेमाभर त्या बागेपेक्षा त्या बाकाचाच विचार येत होता. आमच्या बाबांना वेटिंग रूममध्ये तसा बोलघेवडा कुणी भेटला नाही. मी त्यांच्याशेजारी बसलेली असायचे ना.

'त्यावर काही करता येत नाही' हे आमचं वाक्य डॉक्टरांपुरतं खरं होतं. बाबांना करता येण्यासारखं एक काम होतं. त्याला औषध लागत नव्हतं, रत्नागिरीकडे जाणारी गाडी लागत होती. प्रोग्नॉस्टिक खुणेचा उपयोग नाही असं म्हणताना आम्ही 'उपयोग' या शब्दातून संगमेश्वर वगळलं होतं.

एक अवांतर. बाबा गेल्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, जपाननं पोटाच्या कॅन्सरमधल्या क्लॉडिन १८.२ या आणखी एका प्रथिनावरचं औषध मंजूर केलं, जगात पहिल्यांदा. कालपर्यंत नुसतं वर्णन असलेलं प्रथिन आज औषधाचं दार होतं. बाबांच्या वडीची ती तपासणी कधी झाली नाही. वडी आमच्या कपाटात आहे, एलआयसीच्या कागदांखाली.

*

सख्ख्या नात्यात पोटाचा कॅन्सर असेल तर धोका वाढतो. म्हणून २०२५ मध्ये मी एंडोस्कोपी करून घेतली. मला बरेच महिने जळजळ होत होती, मी ती मिसळीवर ढकलत होते.

पोटाच्या कॅन्सरची एक वाट पेलायो कोरेआ या पॅथॉलॉजिस्टनं १९७५ साली मांडली होती: आधी जुनाट सूज, मग अस्तर झिजतं, मग पोटाच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी उगवतात, मग त्या बिघडतात, आणि मग कॅन्सर. पहिल्या पायरीवर बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. बॅरी मार्शल यांनी १९८४ साली त्याचं कल्चर स्वतः पिऊन दाखवलं आणि २००५ मध्ये नोबेल मिळवलं. भारतात हा संसर्ग घरोघरी आहे, तरी पोटाचा कॅन्सर त्या मानानं कमी, मिझोरामसारखे भाग सोडले तर. शास्त्रज्ञ याला 'इंडियन एनिग्मा' म्हणतात, भारतीय कोडं. म्हणजे या वाटेवर लाखो लोक उभे आहेत आणि बहुतेक जण पुढच्या पायरीवर कधी जातच नाहीत.

पैसे दादानं ऑनलाइन भरले होते. त्यामुळे फॉर्मवर नंबर त्याचा गेला.

तीन दिवस झाले तरी रिपोर्ट येईना. चौथ्या दिवशी जेवताना मी विचारलं, "दादा, तुला काही आलं का रे?"

"हो, आलं. काही विशेष नाही."

हातातला घास हातात राहिला. शब्द तेच होते. आवाजाची पट्टीसुद्धा तीच. त्याचं एक क्षण वहिनीकडे बघणं, मग ताटात बघणं. मी ओळखलं, कारण हे मी केलेलं होतं.

"कधी आला?"

"परवा. मी डॉक्टरांशी बोललोय. गोळ्या आहेत चौदा दिवसांच्या. तू उगाच गूगल करत बसशील."

"माझा रिपोर्ट आहे तो."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी—"

मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या काकूंना ऐकू गेलं असणार. त्यात 'तुला कुणी अधिकार दिला' हे वाक्य होतं, आणि ते तोंडातून निघताना मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. दादा काही उलट बोलला नाही. त्यानं फोन काढला आणि पीडीएफ मला पाठवली.

पायलोरी पॉझिटिव्ह. थोड्या भागात आतड्यासारख्या पेशी, म्हणजे कोरेआची तिसरी पायरी. बिघाड नाही. डॉक्टरांनी तीन वर्षांनी पुन्हा एंडोस्कोपी सांगितली आहे. मी पेप्सिनोजेनबद्दल विचारलं. जपानमध्ये रक्तातल्या या प्रथिनावरून अस्तर किती झिजलंय त्याचा अंदाज घेतात. पहिल्या प्रकारचं ७० नॅनोग्रॅमपर्यंत उतरलं आणि पहिल्या-दुसऱ्याचं प्रमाण ३ पर्यंत आलं की धोक्याच्या यादीत. डॉक्टर म्हणाले, "करायची तर करा. त्यानं तुमच्या गोळ्या बदलणार नाहीत, पुढची तारीखही बहुतेक बदलणार नाही. तुम्हाला आकडा हवाय का, एवढाच प्रश्न आहे." रक्त देण्याआधी, आकडा नसताना, हा प्रश्न त्यांनी मलाच विचारला. मी अजून उत्तर दिलेलं नाही. कधी वाटतं हवा, कधी वाटतं नको. रोज ठरवते आणि रोज बदलते.

भांडण झालं त्या रात्री आई झोपली नव्हती. मी पाणी प्यायला उठले तर ती स्वयंपाकघरात, दिवा न लावता, ओट्याशी उभी होती.

"तुझ्यात काय लिहिलंय ते सांग," ती म्हणाली. मी सांगितलं, पायऱ्यांसकट. तिनं मधे एकदाच विचारलं, "म्हणजे होईलच असं नाही?" मी म्हटलं, नाही, पण होणारच नाही असंही नाही. तिनं मान हलवली.

मग म्हणाली, "आणि ह्यांच्यात काय होतं? तो रिपोर्ट मला कुणी दाखवलाच नाही."

'आता कशाला' हे शब्द ओठांवर आले होते. दादाही दारात येऊन उभा राहिला होता, त्याच्याही ओठांवर तेच असणार. आईनं दिवा लावला, चष्मा घातला आणि स्टूल ओढून बसली. मी फोनमध्ये २०२३ चा जुलै शोधून काढला आणि पीडीएफ तिच्यासमोर धरली. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"नाव बरोबर आहे," ती म्हणाली. "पुढे वाच."